पावसाळ्यात मुलांसह समुद्रकिनारी मुक्काम : सुरक्षित पोहणे शक्य आहे का?

प्रश्न : जुलैच्या अखेरीस आम्ही सहा व नऊ वर्षांच्या दोन मुलांसह आठवडाभर अगदी समुद्रालगत राहू इच्छितो, मुलांना निर्धास्तपणे पाण्यात उतरता येईल, असा किनारा या दिवसांत मिळेल का?

उत्तर १ : मिळेल, मात्र आधी किनाऱ्याची दिशा पाहावी. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे पश्चिमाभिमुख किनाऱ्यांवर थेट आदळतात, त्यामुळे थायलंडमधील फुकेट बेटाच्या पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो, तर थायलंडच्या आखातातील को सामुई येथे तो तुलनेने शांत असतो. श्रीलंकेतही याच कारणाने पूर्वेकडील, उथळ उपसागराचे पासिकुडा निवडावे.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, तरी निवासाची छायाचित्रे बहुधा कोरड्या ऋतूतील असतात, म्हणून आरक्षणापूर्वी त्या महिन्यात जीवरक्षक असतात का, हे लेखी विचारून घ्यावे. फुटणाऱ्या लाटांमधील शांत दिसणारा पट्टा हाच पुष्कळदा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध न झुंजता किनाऱ्याला समांतर पोहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. शक्यतो कुंपण असलेला पोहण्याचा तलावही आवारात असेल, असेच निवासस्थान शोधतो.