प्रतिसाद: ई-पुस्तक ‘विकत’ घेतलं म्हणजे नेमकं काय?
पैसे मोजले म्हणजे ई-पुस्तक आपलं झालं, हे म्हणणं पटत नाही. मिळतो तो फक्त वाचायचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा विकत घेतलेली पुस्तकंही गायब झाली. पैसे परत दिले म्हणा, आणि टिपा काढलेल्यांना वर २५ डॉलर. (टिपांचाही भाव ठरला!)

उतरवलेली फाइल नीट बघा. नावाच्या शेवटी ‘एसीएसएम’ आणि आकार जेमतेम काही केबी असेल, तर ते पुस्तक नव्हेच, नुसती चिठ्ठी. ती अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला दाखवल्यावर पुस्तक उतरतं, तेही बहुधा त्या खात्यापुरतं कुलूपबंद. घेण्याआधी ‘डीआरएम-मुक्त’ (म्हणजे असं डिजिटल कुलूप नसलेलं) असं स्पष्ट लिहिलंय का पाहा. घेतल्यावर ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित प्रकार) फाइल खातं न जोडलेल्या दुसऱ्या यंत्रात टाका आणि इंटरनेट बंद करून उघडा. लॉगिन मागितलं, तर परताव्याची मुदत संपायच्या आत परत करा.