कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते का?

प्रश्न : पंचवटीकर

माझ्याकडे २०१९ ची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. रोज नाशिकमध्ये पंचवटीहून द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा असे करत अंबडला कामावर जातो आणि महिन्यातून एकदा ठाण्याला आईकडे जाणे होते. पूर्वी शहरात सतराचे ॲव्हरेज मिळत असे, ते आता चौदावर आले आहे. इगतपुरी सोडल्यावर कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले असून ते स्वतः वर्षानुवर्षे तसेच करतात. हा उपाय खरोखर उपयोगी आहे का?

उत्तर : सिडकोतला गॅरेजवाला

कृपया तसे करू नका. हा सल्ला कार्ब्युरेटरच्या (संगणकाशिवाय पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या) जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. आजच्या गाडीत उतारावर गिअर न काढता ॲक्सलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला, की चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि गाडीचा संगणक इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बंद करतो, त्यामुळे तेवढा वेळ पेट्रोल अजिबात जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडे थोडे पेट्रोल देत राहावे लागते. शिवाय गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकवर पडतो. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकाजवळ जळका वास येतो, तो तापलेल्या ब्रेक पॅडचा असतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नाही आणि दोन-तीनदा दाबल्यावर तो दगडासारखा कडक होतो. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावा.

उत्तर : इंदिरानगर

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र ठाण्याच्या फेरीचा हिशेब जाऊन-येऊनच करावा, कारण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि परतताना छोट्या गाडीचे साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल केवळ ही उंची गाठण्यात खर्च होते.

शहरातील घट हा वेगळा विषय आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट त्यातूनच येते. तरीही सतराचे सोळा होतील, चौदा नाही. टायरमधली हवा शेवटची कधी तपासली होती? ती सकाळी, टायर थंड असताना पाहावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढीच भरावी. हवा भरणारा मुलगा न विचारता सगळ्यांना पस्तीस मारतो, त्याच्यावर विसंबू नये. द्वारकेला वाहतूक तुंबली की किती वेळ इंजिन चालू ठेवून उभे असता, तेही पाहा. त्या वेळेचे ॲव्हरेज शून्य असते.

पंचवटीकर

दोघांचेही आभार. आज सकाळी हवा तपासली. दारावर ३० लिहिलेले आहे, पुढची दोन्ही चाके २२ वर निघाली आणि मागचे डावे २० वर. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला आहे; पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा भरली की खरे ॲव्हरेज कळेल. ज्येष्ठ सहकाऱ्यांना इंजेक्टरचे सांगून पाहिले. त्यांचे म्हणणे, "माझी गाडी वेगळी आहे." पुढच्या शनिवारी ते माझ्याच गाडीतून ठाण्याला येणार आहेत.