मदत हवी आहे: आवाज दोन्ही कानांत, पण स्रोत दिसतो डोक्याच्या मधोमध

नमस्कार मंडळी, एमईजीच्या (मेंदूच्या कामातून उमटणारं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजायचं तंत्र) डेटावर काम करणारं इथे कुणी आहे का? तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

यंत्र 306 सेन्सरचं, 102 मॅग्नेटोमीटर (क्षेत्र मोजणारे) आणि 204 ग्रेडिओमीटर (जवळच्या दोन जागांमधला क्षेत्राचा फरक मोजणारे). दोन्ही कानांत एकाच वेळी 40 हर्ट्झने कमीजास्त होणारा आवाज ऐकवला. सेन्सरवर प्रतिसाद डावीउजवीकडे अगदी स्वच्छ दिसतो. इतकं क्षीण, फेम्टोटेस्लांत मोजायचं चुंबकीय क्षेत्र एवढं नीट पकडलं गेलं याचाच खूप आनंद झाला होता. पण एलसीएमव्ही बीमफॉर्मर (सेन्सरच्या नोंदींवरून मेंदूतल्या एकेका जागेचा संकेत वेगळा काढणारी गणिती चाळणी) लावला की दोन्हीकडचे श्रवणभाग गायब, आणि एक फिकट डाग मेंदूच्या मधोमध, खोलवर. हे मला पटत नाही.

माझा अंदाज असा, की दोन्ही स्रोत एका तालात चालतात आणि असे स्रोत बीमफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडून टाकतात. फक्त डाव्या बाजूचे सेन्सर घेतले तर डावा श्रवणभाग लगेच उगवला! दोन डायपोल (बिंदूएवढे मानलेले विद्युत स्रोत) बसवले तरी जागा बरोबर येतात. डीएसपीएममध्ये (सगळ्या मेंदूतले स्रोत एकदम अंदाजणारी पद्धत) दोन्ही बाजू दिसतात, पण फार पसरट.

अर्धेच सेन्सर वापरल्यावर दुसऱ्या बाजूची गळती किती उरते, हे तुम्ही कसं तपासता? की विरुद्ध बाजूच्या गोलार्धातल्या स्रोतावर शून्याची अट घालणं, म्हणजे तिथला संकेत चाळणीतून येऊच न देणं, जास्त चांगलं? शिवाय मॅक्सवेल फिल्टरनंतर (डोक्याबाहेरचा चुंबकीय गोंगाट काढणारी पायरी) कोव्हेरिअन्सची (सेन्सर एकमेकांसोबत कसे बदलतात याचा तक्ता) रँक, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र माहितीची संख्या, 70 च्या आसपास उरते. हे गणित स्थिर ठेवणारं रेग्युलरायझेशन 0.05 आहे, ते बदलावं का?

एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअर वापरते आहे. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.