पेटंट कुठलं, ते तर कराचं तिकीट!

‘पेटंट औषध’, म्हणजे गुप्त कृतीचं, तयार विकलं जाणारं औषध, निदान सरकारने तपासलेलं तरी असणार, असं कुणालाही वाटेल. गंमत म्हणजे व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या अशा बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि इथे तर सगळा धंदाच गुपितावर! डबीवर चिकटवलेलं असायचं ते कराचं तिकीट. १ शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी कर, म्हणून जुन्या जाहिरातींत ‘१ शिलिंग दीड पेनी’ ही विचित्र किंमत सारखी दिसते. लोकांना वाटायचं, सरकारी तिकीट आहे म्हणजे माल खरा. शेवटी ‘या तिकिटाचा अर्थ सरकारी हमी असा नाही’ हे त्या तिकिटावरच छापायची पाळी आली.

अशाच औषधांपैकी बीचमच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. ‘एका डबीचं मोल एक गिनी’ (म्हणजे २१ शिलिंग) ही त्यांची जाहिरात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली त्यांचं पृथक्करण छापलं: काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांचा कच्चा माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा! पोट मात्र साफ होत असणार, काळा बोळच तो. गॉडफ्रेज कॉर्डियलसारख्या तान्ह्या बाळांना पाजायच्या औषधात अफू असायची, त्यापुढे हा साबण परवडला.