शेवटच्या कडव्यात 'वामन' आलं म्हणजे गाणं लोककवी वामनदादा कर्डकांचंच का?

गिरणाकाठ:
जय भीम मंडळी. आमच्या चाळीसगावच्या घरी माळ्यावर बाबांची वही सापडली, कव्हर गेलेलं, कडा उंदरानं कुरतडलेल्या, पण जांभळ्या शाईतलं अक्षर अजून साफ वाचता येतं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एकूण ३१ गाणी आहेत न त्यातल्या १९ गाण्यांच्या शेवटी, कवी आपलं नाव घालतो तसं, 'वामन' येतं. येत्या ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला, बाबासाहेब राहिले होते त्या लांडोर बंगल्यापाशी यातली दोन-तीन म्हणायचा विचार आहे, म्हणण्याआधी कवीचं नाव सांगावं लागेल. काका म्हणतात, काळाराम सत्याग्रहाच्या टायमाला कर्डकांचा जलसा, म्हणजे बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून सांगणारा ताफा, गावोगाव फिरायचा, ही गाणी त्यातलीच. खरं आहे का?

पेटीमास्तर_जळगाव:
काका दोन कर्डक एक करून राहिले भो. जलसेवाले ते भीमराव कर्डक. तेही नाशिक जिल्ह्यातलेच, म्हणून हा घोळ नेहमी होतो, स्टेजवरून माईकवर सुद्धा ऐकलाय मी. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ चे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. काळाराम सत्याग्रह सुरू झाला मार्च १९३० ला, तेव्हा दादा साडेसात वर्षांचं पोरगं. त्यांचं पहिलं गाणं १९४३ चं, मुंबईत असताना, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन.

साक्रीची_मास्तरीण:
त्यात अजून एक गोष्ट जोडते. दादांना लहानपणी शाळा मिळालीच नाही. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचे, तिथं एकानं पत्र वाचून दाखवा म्हणून हातात दिलं आणि ह्यांना एक अक्षर कळेना, तो अपमान इतका लागला की देहलवी नावाच्या गुरुजींकडे जाऊन बाराखडी गिरवली, मग रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. ज्या माणसाला वीस वर्षाच्या आसपास अक्षरओळख झाली त्याच्या नावावर लोक हजारोंनी गाणी सांगतात. मी चौथीच्या पोरांना दरवर्षी हे सांगते, पाटीचा भाग आला की वर्ग गप्प होतो.

शिरपूर_भाऊ:
मना बाप बी गाये, बठ्ठा गाव जमे. त्याच्यावरून सांगतो, नुसत्या 'वामन' वर जाऊ नका दादा. तेव्हा गाणी छापील पुस्तकातून कमी न वहीतून वहीत जास्त फिरायची. एखाद्या गावच्या गायकानं स्वतःचं कडवं घुसडलं तरी शेवट 'वामन'चाच ठेवायचा, कारण त्या नावाला लोक बसून ऐकायचे. उलट पण व्हायचं, दादांचं गाणं न शेवटी भलत्याचंच नाव. काकांच्या म्हणण्याचा निकाल मात्र सोपा आहे. गाण्यात नागपूरची दीक्षा असेल तर ते १४ ऑक्टोबर १९५६ च्या नंतरचंच, जलशाच्या काळातलं असूच शकत नाही. भूमिहीनांचा विषय असेल तर १९५९ आठवा, दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह आपल्या खान्देशातही झाला होता. न फक्त काळारामाचं वर्णन असलं म्हणून गाणं जुनं ठरत नाही, ते कोणीही नंतर बसून लिहू शकतो.

नुसता_श्रोता:
गाणं समाजाचं आहे, कोणाचं ते कशाला खोदत बसायचं? म्हणा न मोकळे व्हा.

पेटीमास्तर_जळगाव:
@नुसता_श्रोता, सोपं आहे म्हणायला. जो माणूस जन्मभर मिळेल त्या बिदागीवर गावोगाव गात फिरला, २००४ ला गेला, त्याचं नाव बरोबर घ्यायला काय जातं आपलं? न भीमरावांचं काम पण वामनदादांच्या खात्यावर जाऊ नये, जलसा उभा करणं काय खायचं काम नव्हतं. आणि गिरणाकाठ भाऊ, वहीत गाण्यावर चाल लिहिलीय का? सिनेमाची असेल तर सिनेमाचं साल बघा, गाणं त्याच्या आधीचं नसणार.

गिरणाकाठ:
आत्ता बघून आलो. चौथ्या न अकराव्या गाण्यात दीक्षा आहे, म्हणजे काका हरले. सातव्यावर 'चाल' लिहून पुढची जागा कोरीच सोडलीय, आई म्हणाली ती चाल तुझ्या बाबांना पाठच होती, लिहायची कशाला. तिनं गुणगुणून दाखवली, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलीय, रात्री टाकतो. मास्तर, तुम्ही सूर ओळखा. आणि लळिंगला येणार असाल तर पेटी घेऊन या, बाबांची पेटी आहे पण भाता फाटलाय.