साठीतल्या पुरुषाला डॉक्टरांनी नशा आणि संबंध विचारावेत का?

खानापूरकर: मी ६१ वर्षांचा, समलिंगी. माझा एक जुना मित्र गोव्यात एका खोलीवर पॉपर्स, म्हणजे संबंधांच्या वेळी नशेसाठी हुंगतात ते बाटलीतलं रसायन, हुंगला. त्याआधी सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रासारखी ताठरतेची गोळी घेतली होती. दोन्हींनी रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं. तो जागेवरच पडला. दवाखान्यात छातीत दुखतंय म्हणाला, पण गोळीचं बोलला नाही. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी नायट्रेटची असते, आणि सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिल या तशाच दुसऱ्या गोळीनंतर ४८ तास ती द्यायची नसते. सुदैवाने दिली नाही. दहा वर्षं तो बीपीसाठी एकाच डॉक्टरांकडे जातोय. त्यांनी त्याला हे कधीच विचारलं नाही. माझं म्हणणं, विचारावं.

निपाणीचा: आधी नशा बंद करा म्हणा की! डॉक्टर विचारायला लागले की पोरं म्हणतील, चालतंय. शिवाय आमच्याकडं दवाखान्यात निम्मी माणसं ओळखीची. बातमी घरी पोचायला संध्याकाळ लागत नाही.

खानापूरकर: भीती खरी आहे. म्हणून तर मी गावात नाही, बेळगावात तपासून घेतो. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्ही तपासणी फुकट होते, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, काही अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही. तरी काउंटरवर नाव पुकारतात तेव्हा पोटात गोळा येतो, हे मान्य.

टिळकवाडी: मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही सगळे स्वतःच्या अब्रूचं बोलताय. घरात बायको आहे तिचं काय? नशेत कंडोम राहून जातो, गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला फोड दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि रोग तिच्या अंगावर जातो. तिला कोण विचारणार?

खानापूरकर: याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः बायकोला बारा वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा दोघांनीही एचआयव्हीसोबत व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची रक्ततपासणी, करून घेतली. तुमच्या रागाला मी नाही म्हणत नाही.

निपाणीचा: एक विचारतो. परवा रात्री असं काही झालं असेल तर?

खानापूरकर: आजच निघा. ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी, मग २८ दिवस रोज. कुठं जायचं कळत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. आणि काय घेतलं होतं तेही तिथं सांगा.