अनुभव धागा : स्वतःसाठी मागावे की संस्थेसाठी?

कोल्हापुरातील आमच्या पेठेत एका रुग्णाच्या उपचारांसाठी मदतीचे आवाहन आणि क्यूआर कोड फिरू लागला, तेव्हा तालीम मंडळाच्या कट्ट्यावर दोन तट पडले. व्यक्तीला पैसे देण्यापेक्षा संस्थेला द्यावेत, असे काहींचे मत होते, तर संस्थेची पावती मिळेपर्यंत रुग्ण थांबत नाही, असे उरलेल्यांचे म्हणणे होते. ज्यांनी स्वतःसाठी हात पसरला आहे किंवा संस्थेसाठी झोळी फिरवली आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा.

मंगळवार पेठेतील एक गृहिणी

यजमानांच्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. परंतु बाहेरून आणावी लागणारी औषधे, सोबतच्या माणसांचे जेवणखाण आणि नंतरचे बिनपगारी महिने कोणत्याच योजनेत बसत नव्हते, म्हणून मी नातेवाइकांकडे आणि तालमीकडे पैसे मागितले. आलेली प्रत्येक रक्कम आणि प्रत्येक बिल मी गटावर टाकत असे, तरीही अंगावरचे दागिने आधी का मोडले नाहीत, हा प्रश्न मला विचारला गेलाच. संस्थेच्या कार्यकर्त्याला असे कोणी विचारीत नाही. पुढच्या उपचारांच्या वेळी एका समाजसेविकेने सांगितले, की धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. ज्या रुग्णालयात आम्ही आधी गेलो होतो, तेथे हे कोणी बोलले नव्हते.

उचगाव, अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत हिशेबनीस

देणगीदाराला व्हीलचेअरवर किंवा खोलीच्या दारावर नाव घालून हवे असते. काळजीवाहकाच्या पगारासाठी मात्र पैसे मागितले, की चेहरा बदलतो. माझा पगारही त्याच देणग्यांतून निघतो, त्यामुळे मी स्वतःसाठी मागत नाही, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. फरक एवढाच, की आम्हाला लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे पाठवावा लागतो आणि चूक झाली तर विचारणारे कोणीतरी असते.

राजारामपुरीतील एक करसल्लागार

८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत, त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला किंवा निधीला दिलेल्या देणगीवरच मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास तीही नाही. उलट बाजूने, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमा पन्नास हजारांच्या वर गेल्या, तर त्या घेणाऱ्याचे उत्पन्न ठरू शकतात. मदत मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी, आता एका संस्थेचा स्वयंसेवक

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले. त्यानंतर जुन्या कपड्यांचे ढीग आले, पण जनावरांना वैरण नव्हती. पुण्यातील एका मित्राने खात्यावर थेट पाठवलेल्या पैशांतून मी त्याच संध्याकाळी कडबा घेतला. संस्थेची यादी त्यानंतर आली. मात्र ज्यांचा पुण्यात कोणी मित्र नव्हता, अशा शेतमजुरांच्या आणि एकट्या राहणाऱ्या विधवांच्या घरापर्यंत संस्थाच गेली, कारण मदतीचे ट्रक बहुधा रस्त्याकडेच्या गावांतच रिकामे होत होते. २०२१च्या पुरात म्हणूनच मी याद्या करण्याच्या कामाला लागलो. घरोघर फिरून माणसे मोजणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यासाठी देणगी कोणी देत नाही, हे वर हिशेबनीस ताईंनी लिहिलेच आहे.

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

माझे आजोबा वार लावून शिकले, म्हणजे आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवले, आणि कोणत्या घरी ताटात काय पडते, हे ते म्हातारपणीही विसरले नव्हते. शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले व पुढे इतर समाजांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. तेथील मुलाला जेवणासाठी कोणाच्या दारी उभे राहावे लागत नव्हते, मागण्याचे काम वसतिगृहाचे चालक करीत. मी स्वतः मात्र दोन्हीकडे देतो. व्यक्तीला द्यायचे असेल, तर शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर भरतो.

मंगळवार पेठेतील गृहिणी, पुन्हा

उरलेल्या पैशांचे काय केले, असे एकाने विचारले आहे. ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या होत्या, त्यांना विचारले. दोघांनी परत घेतल्या, बाकीच्यांच्या संमतीने ती रक्कम आमच्याच गल्लीतील डायलिसिसच्या रुग्णाला दिली आणि त्याचे बिल गटावर टाकले.